दहा सेकंदांची प्रचाराची ऑडिओ जाहिरात, आणि त्यात ‘ही कोणाची’ हे सांगायला लागणारी जागा

दहा सेकंदांत नीट, ऐकणाऱ्याला कळेल असं बोललं तर मराठीत वीस-पंचवीस शब्द बसतात, त्याहून जास्त नाही. प्रचाराची जाहिरात असेल तर त्या पंचवीसात उमेदवाराचं नाव, चिन्ह, मतदारसंघ, एखादा मुद्दा आणि शिवाय ही जाहिरात कोणी दिली, खर्च कोणाचा, एवढं सगळं कोंबायचं असतं आणि मग पहिली कात्री कशाला लागते तर ‘कोणी दिली’ला. २०२४ च्या विधानसभेला मी असं एक काम स्क्रिप्टपासून खर्चाच्या बिलापर्यंत पूर्ण केलं, म्हणजे रेकॉर्डिंग, एमसीएमसीचा (प्रचाराच्या जाहिराती आधी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या समितीचा) अर्ज, प्रमाणपत्र, गाण्यांच्या ॲपवर अपलोड सगळं, आणि तेव्हापासून कोणी ना कोणी फोन करून हेच विचारतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

माझा पुण्यात कर्वेनगरात छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. मंडळांच्या अनाउन्समेंट, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, क्लासच्या जाहिराती, आणि निवडणूक आली की प्रचाराच्या रिक्षांसाठी आवाज. ‘ताई माई अक्का, विचार करा पक्का’ हे मी कितीतरी चिन्हांसाठी म्हटलेलं आहे. रिक्षाच्या कामात कोण बोलतंय हा प्रश्नच येत नाही. रिक्षाला चारी बाजूंनी फ्लेक्स असतो, पुढच्या काचेवर निवडणूक कार्यालयाची परवानगी चिकटवलेली असते, आवाज चौकात आला की लोक मान वळवून बघतात आणि कळतं कोणाची आहे ते. ॲपवरच्या ऑडिओ जाहिरातीला रिक्षा नसते. माणूस स्वारगेट-कात्रज बसमध्ये दांडीला धरून उभा आहे, फोन खिशात आहे, दोन गाण्यांच्या मध्ये कोणीतरी दहा सेकंद पाण्याबद्दल बोलून जातं आणि पुढचं गाणं सुरू होतं. स्क्रीनवर त्यावेळी छोटं चित्र येतं, त्याखाली बारीक अक्षरात पैसे कोणी दिले ते लिहिलेलंही असतं, पण खिशातल्या स्क्रीनवर ते वाचणार कोण?

तर दिवाळीच्या आधी एका अपक्ष उमेदवाराचा पुतण्या आला. त्यांना तीस सेकंदांची एक आणि दहा सेकंदांची एक अशा दोन हव्या होत्या, जोर दहावर, कारण ती स्वस्त पडते आणि ऐकणाऱ्याला ती पुढे ढकलता येत नाही. स्क्रिप्ट त्यांनी एका एजन्सीकडून आणलेलं. पाणी, ट्रॅफिक, चिन्ह, एक घोषणा, आणि शेवटी ‘ही जाहिरात अपक्ष उमेदवार अमुक अमुक यांनी दिली आहे’. माझ्या सहकाऱ्यानं घड्याळ लावून वाचून बघितलं तर शेवटच्या ओळीलाच चार सेकंदांच्या आसपास लागत होते. पुतण्या म्हणाला, “ताई, ती ओळ पळवून टाका ना, दीड-दोन सेकंदांत बसवा. म्युच्युअल फंडवाले नाही का पळवत.”

मला हे बोलणं फार लागलं, कारण म्युच्युअल फंडाचं उदाहरण नेमकं उलटं आहे आणि आमच्या धंद्यातल्या लोकांना ते माहीत असायला हवं. पूर्वी ती जोखमीच्या इशाऱ्याची ओळ खरंच पळवायचे, दोन सेकंदांत, ऐकू यायचा तो नुसता गलका. मग सेबीनं, म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, २००८ मध्ये तिला पाच सेकंद द्या म्हणून सांगितलं, आणि पुढे २०१२ मध्ये नियमात असं घातलं की इशारा स्पष्ट, समजेल असा ऐकू आला पाहिजे, आणि उदाहरणच दिलं की चौदा शब्द आणि निदान पाच सेकंद असतील तर तो स्पष्ट मानता येईल. म्हणजे सेकंदाला पावणेतीन-तीन शब्द. हे इंग्रजी ओळीचं माप आहे, मराठीत शब्द लांब असतात त्यामुळे वेग अजून कमी धरावा लागतो. पण मुद्दा हा की पैसे गुंतवणाऱ्याच्या कानाचा विचार करून कोणीतरी सेकंद मोजून दिले. मत देणाऱ्याच्या कानासाठी असे सेकंद मोजून दिलेले मला कुठं सापडले नाहीत, आणि मी भरपूर शोधलं.

कायद्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७-अ. पत्रक किंवा पोस्टर छापलं तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते पाहिजेत, नसतील तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रचाराचं पत्रक हातात आलं की खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रेसचं नाव असतं ते याच्यामुळे. पण ते कलम कागदाचं आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा रस्ता वेगळा, सुप्रीम कोर्टानं १३ एप्रिल २००४ ला आदेश दिला, दोन दिवसांनी निवडणूक आयोगानं त्यावरून सूचना काढल्या, आणि टीव्ही-केबलवरच्या राजकीय जाहिराती आधी तपासून प्रमाणित करायची पद्धत सुरू झाली. नंतर त्यात रेडिओ आला, सिनेमा हॉल आले, मोबाइलवरचे घाऊक मेसेज आणि व्हॉइस कॉल आले, आणि २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनेनं सोशल मीडिया आणि इंटरनेट आलं. ॲपवरची दहा सेकंदांची जाहिरात यातच मोडते. दहा सेकंदच तर आहे, त्याला कशाला सर्टिफिकेट, असं पुतण्यासुद्धा म्हणाला आणि नंतर फोन करणारे निम्मे लोक म्हणतात, तर लांबीवर काही सूट नाही. पाच सेकंद असली तरी अर्ज लागतो.

आता यात फरक बघा. प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये पैसे कोणाचे हे अगदी स्वच्छ लिहिलेलं असतं. समितीला कळतं, खर्च निरीक्षकाला कळतं, ॲपवाल्या कंपनीला कळतं. ऐकणाऱ्याला कळेलच असं नाही, आणि सगळी यंत्रणा ज्याच्यासाठी उभी केली तो मतदार हाच तर ऐकणारा आहे. मी पुतण्याला म्हटलं, ओळ पळवायची असेल तर दुसरा स्टुडिओ बघा, मी ती पळवणार नाही, पण दहा सेकंदांत नीट बसवून द्यायची जबाबदारी माझी. तो जरा नाराज झाला पण थांबला.

मग आम्ही प्रयोग केले. एजन्सीचं स्क्रिप्ट शेवटची ओळ पळवून एकदा, तीच ओळ सुरुवातीला घेऊन एकदा, आणि तिसरं म्हणजे वेगळी ओळच काढून टाकायची आणि उमेदवारानं स्वतःच्या आवाजात बोलायचं. सोसायटीचे वॉचमन काका, माझी आई, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कॉलेजच्या मुली, चहावाला, ज्यांना ज्यांना पकडता आलं त्यांना ऐकवलं, कानात इयरफोन घालून आणि एकदाच, पुन्हा नाही, आणि मग एकच प्रश्न, ही जाहिरात कोणाची होती. पळवलेल्या ओळीनंतर बहुतेकांना पाणी लक्षात राहिलं, घोषणा लक्षात राहिली, नाव नाही. आई म्हणाली महापालिकेची असेल, पाण्याबद्दल होती ना. हे ऐकून पुतण्या गप्पच झाला, कारण त्याच्या काकांचे पैसे जाणार आणि श्रेय महापालिकेला. ओळ आधी घेतली तेव्हा नाव कळलं पण मुद्दा ऐकेपर्यंत लक्ष उडालेलं. उमेदवाराच्या आवाजात मात्र जमलं. साधारण असं होतं: ‘मी अमुक अमुक, तुमच्या मतदारसंघातून अपक्ष उभा आहे, ही जाहिरात माझी, खर्च माझा. पाणी रोज आलं पाहिजे, एवढंच म्हणतोय.’ आणि शेवटी चिन्हाचा आवाज. चिन्ह कोणतं ते सांगत नाही, त्यावरून माणूस ओळखू येईल, पण नशिबानं असं चिन्ह मिळालं की त्याचा आवाज काढता येत होता, एका सेकंदात काम झालं.

अमेरिकेत हे आधीपासून आहे. २००२ च्या कायद्यानं तिथल्या राष्ट्रीय निवडणुकांच्या रेडिओ-टीव्ही जाहिरातीत उमेदवारानं स्वतः सांगावं लागतं की मी कोण आणि या जाहिरातीला माझी संमती आहे. इंटरनेटवरच्या जाहिरातींसाठी त्यांच्या निवडणूक आयोगाचा नवा नियम १ मार्च २०२३ पासून लागू झाला आणि छोट्या जाहिरातींसाठी तो वाचण्यासारखा आहे. पूर्ण खुलासा बसतच नसेल, किंवा अक्षरांच्या-जागेच्या मर्यादेमुळे जाहिरातीचा २५ टक्क्यांहून जास्त भाग खाणार असेल, तर छोटा खुलासा चालतो, बाकीचं एका क्लिकवर किंवा एका कृतीत मिळालं पाहिजे. पण, आणि हे मला सगळ्यात पटलं, पैसे कोणी दिले हे मात्र जाहिरातीतच राहायला पाहिजे, ते क्लिकच्या मागे ढकलता येत नाही. ऐकायला अवघड असेल तर तो खुलासा स्पष्ट धरत नाहीत, हेही तिथं जुन्यापासून आहे. माझी तक्रार एवढीच की त्यातली भाषा अक्षरं आणि जागा यांची आहे. आवाजाकडे अक्षरं नसतात, जागा नसते, फक्त वेळ असतो. आणि बसमध्ये उभा असलेला माणूस कसली क्लिक करणार आहे?

बरं, आता अर्जाकडे येते, कारण लोकांना खरी भीती त्याची असते.

वेळापत्रक आधी समजून घ्या. २०२४ ला मतदान २० नोव्हेंबरला होतं. उमेदवारी अर्ज मागं घ्यायची शेवटची तारीख ४ नोव्हेंबर, आणि अपक्षांना चिन्ह त्यानंतर मिळतं. १ तारखेला लक्ष्मीपूजन, २ ला पाडवा, ३ ला भाऊबीज. म्हणजे चिन्ह हातात पडेपर्यंत अंतिम जाहिरात रेकॉर्डच करता येत नाही. उमेदवार किंवा नोंदणीकृत राष्ट्रीय-प्रादेशिक पक्ष असेल तर जाहिरात लागायच्या निदान तीन दिवस आधी अर्ज करायचा, समितीनं दोन दिवसांत निर्णय द्यायचा. आणि दुसऱ्या टोकाला मतदान संपायच्या आधीचे ४८ तास, कलम १२६, त्यात काही वाजवता येत नाही, म्हणजे १८ तारखेला संध्याकाळी सहाला सगळं बंद. मधे राहतात ते मोजके दिवस. म्हणून आम्ही चिन्हाचा तेवढा भाग सोडून बाकी सगळं दिवाळीच्या आधी रेकॉर्ड करून ठेवलं, कागदपत्रं भरून ठेवली आणि चिन्ह मिळालं त्या रात्री मिक्सिंग केलं.

अर्जाचा नमुना ठरलेला आहे. अर्जदार कोण, मतदारसंघ, जाहिरात कुठं लागणार, उमेदवाराच्या फायद्यासाठी आहे का, शीर्षक, भाषा, जाहिरात बनवायला किती खर्च, आणि प्रसारणाला किती, त्यातही किती वेळा वाजणार आणि दर वेळेचा दर काय. इथं ऑनलाइनवाले अडकतात. हा रकाना टीव्हीचा विचार करून केलेला आहे, अमुक चॅनलवर इतक्या वेळा. ॲपवर जाहिरात हजार ऐकण्यांच्या भावानं विकत घेतात, किती वेळा वाजणार ते कोणीच आधी छातीठोक सांगू शकत नाही. आम्ही एकूण बजेट, हजारी दर आणि त्यातून निघणारा अंदाज असं तिन्ही लिहिलं आणि मीडिया प्लॅनची प्रिंट सोबत लावली. पैसे चेक किंवा ड्राफ्टनंच देणार असं लिहून द्यावं लागतं. उमेदवाराला निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडावंच लागतं, उमेदवारी अर्ज भरायच्या निदान एक दिवस आधी, तर माझं बिलसुद्धा त्याच खात्याच्या चेकनं घेतलं. स्टुडिओचं भाडं, आवाजाचे पैसे, एडिटिंग हे सगळं खर्चात धरलं जातं, २०१३ च्या सूचनेत जाहिरातीचा मजकूर तयार करायचा खर्चसुद्धा स्पष्ट लिहिलेला आहे. विधानसभेची मर्यादा ४० लाखांची, अपक्षाचा खर्च तिथपर्यंत जात नाही तो भाग वेगळा, पण बिल नसेल तर हिशोबात तो खर्च बसत नाही आणि मग प्रश्न येतात.

सोबत ऑडिओच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता, म्हणजे जाहिरातीत जे जे ऐकू येतं ते शब्दशः लिहून त्यावर सही. शब्दशः म्हणजे खरंच शब्दशः. मागे गर्दीचा आवाज असेल आणि त्यात घोषणा ऐकू येत असेल तर तीसुद्धा लिहा. तीस सेकंदांच्या जाहिरातीत आम्ही मागे बाजाराचा आवाज वापरला होता, त्यातला एक भाजीवाला स्पष्ट ऐकू येत होता, तोही लिहिला. तीसची मंजूर झाली की त्यातूनच दहाची कापून लावता येईल असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही. प्रमाणपत्र त्या ऑडिओला आणि त्या संहितेला असतं. कापलं की ती वेगळी जाहिरात, वेगळा अर्ज. आम्ही दोन्ही सुरुवातीपासून वेगळे दिले.

जिल्हाधिकारी कार्यालय ससून रुग्णालयाजवळ. निवडणुकीच्या दिवसांत तिथं पार्किंग मिळत नाही, रिक्षानं जा. जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी म्हणजेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात, माहिती खात्याचे अधिकारी सदस्य-सचिव असतात, पत्रकारितेतलं कोणीतरी असतं. पुणे जिल्ह्यात २१ मतदारसंघ, त्यामुळे टेबलावर पेनड्राइव्हचा ढीग होता. आमचं दहा सेकंदांचं ऐकायला घेतलं तेव्हा तिथल्या बाईंनी संहिता समोर धरून एका-एका शब्दावर बोट ठेवत ऐकलं आणि म्हणाल्या, “हे बरंय, उमेदवार स्वतःच सांगतायत, आम्हाला वेगळं शोधायला नको.” मला त्या एका वाक्यानं जेवढं बरं वाटलं तेवढं बिलाच्या चेकनंसुद्धा वाटलं नाही. त्यांनी एकच विचारलं, ‘पाणी रोज आलं पाहिजे’ यात कोणावर आरोप आहे का. नव्हता. एजन्सीच्या मूळ स्क्रिप्टमध्ये तेव्हाच्या आमदारांना टोमणा होता, तो मी आधीच काढायला लावला होता, पुरावा नसलेला वैयक्तिक आरोप समितीपुढं टिकत नाही आणि दहा सेकंदांत पुरावा कुठून देणार. समितीनं नाही म्हटलं तर राज्य पातळीवर अपील करता येतं, पण तुमच्या हातात दिवस किती आहेत ते बघा.

प्रमाणपत्र मुदतीत मिळालं. खरा वेळ गेला तो ॲपवर. त्यांना प्रमाणपत्र अपलोड करून हवं होतं, ओळखपत्र हवं होतं, आणि लेबलवर दिसणारं नाव तिन्हीकडं सारखं हवं होतं. आता आपल्याकडं उमेदवाराचं लोकांना माहीत असलेलं नाव वेगळं, पॅनवरचं वेगळं, मतपत्रिकेवरचं अजून वेगळं. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, यावरून फाइल परत येत राहिली आणि उत्तर देणारी माणसं नाही तर ठरावीक साच्यातले ईमेल. शेवटी उमेदवारी अर्जावर जसं नाव होतं तसंच सगळीकडं केलं तेव्हा ते पुढं सरकलं. तुम्ही हे काम करणार असाल तर अर्ज भरतानाच नाव एकच ठरवा, जाहिरातीत बोलायचंही तेच. आणखी एक, जाहिरात बंद व्हायची वेळ टाकताना खात्याचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे का ते बघा. आमचं परदेशी वेळेवर लावलेलं होतं, माझ्या सहकाऱ्याच्या वेळीच लक्षात आलं, नाहीतर शांतता काळ, म्हणजे मतदानाआधीचे ते ४८ तास, सुरू झाल्यावरही ती वाजत राहिली असती.

याच काळात नदीसाठी काम करणाऱ्या एका गटातली मैत्रीण आली, त्यांना ‘मत देताना नदीचा विचार करा’ एवढीच छोटी जाहिरात द्यायची होती, कोणाच्या बाजूनं नाही, कोणाच्या विरोधात नाही. उमेदवार किंवा पक्ष नसेल तर नियम वेगळा आहे, अर्ज तीन नाही, सात दिवस आधी, आणि शपथेवर लिहून द्यायचं की ही कुठल्या पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही आणि त्यांनी पैसे दिलेले नाहीत. तिला हे अन्यायाचं वाटलं, सामान्य लोकांना जास्त दिवस का. मला ते बरोबर वाटतं. उमेदवाराच्या संमतीशिवाय त्याच्यासाठी खर्च करणं हा गुन्हाच आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये येतो, आणि ‘नागरिकांचा मंच’ म्हणून मागून पैसे कोणीतरी दुसऱ्यानं लावायचे हा प्रकार ऑडिओत सगळ्यात सोपा आहे, कारण आवाजाला चेहरा नसतो. तिच्या गटाकडं लपवायला काही नव्हतं, त्यांनी शपथपत्र दिलं, आणि जाहिरातीत ‘आम्ही वर्गणी काढून ही जाहिरात दिली’ असं म्हटलं. ते वाक्य ऐकायला इतकं छान लागतं की मला वाटतं त्या जाहिरातीतलं तेच सगळ्यात चांगलं होतं.

यानंतर एआय आलं, आणि छोट्या ऑडिओचा प्रश्न अजून टोकाला गेला. बिहारच्या निवडणुकीच्या तोंडावर २४ ऑक्टोबर २०२५ ला निवडणूक आयोगानं सूचना काढली की प्रचारात कृत्रिमरीत्या तयार केलेलं किंवा बदललेलं काही वापरलं तर तसं लेबल लावा, चित्र असेल तर दिसणाऱ्या भागाच्या निदान १० टक्के, आणि ऑडिओ असेल तर सुरुवातीच्या १० टक्के वेळात. तयार कोणी केलं तेही नोंदवायचं, ज्याचा आवाज आहे त्याच्या संमतीशिवाय त्याची नक्कल करायची नाही, आणि असं काही सापडलं तर तीन तासांत काढायचं. सूचना चांगली आहे, सुरुवातीला सांगा हे तर अगदी बरोबर, शेवटी सांगून काय उपयोग. पण टक्केवारी आवाजाला लागू करून बघा. तीस सेकंदांत तीन सेकंद, उत्तम. दहा सेकंदांत एक. सहा सेकंदांची जाहिरात असेल तर ०.६ सेकंद. ‘हा आवाज कृत्रिम आहे’ हे चार शब्द मी सावकाश बोलले तर दीड सेकंदाच्या वर जातात, ०.६ मध्ये ते फक्त यंत्रानं पळवूनच बसतील आणि मग आपण परत त्या गलक्यावर येतो. चित्रात दहा टक्के म्हणजे दहा टक्केच राहतात, डोळा हवा तितका वेळ तिथं थांबू शकतो. कानाला थांबता येत नाही, गेलं ते गेलं. म्हणून आवाजासाठी नियम टक्क्यात नको, निदान इतके सेकंद आणि नेहमीच्या बोलण्याच्या वेगात, असा पाहिजे. सेबीला जमलं ते इथंही जमेल. आणि तेवढ्या सेकंदांत जाहिरात बसत नसेल तर जाहिरात लांब करावी, खुलासा छोटा करू नये. सहा सेकंदांत आपण कोण ते सांगायला वेळ नसेल तर त्या सहा सेकंदांत मत मागायलाही वेळ नसला पाहिजे, असं माझं अगदी ठाम मत आहे.

पुण्याची महापालिका निवडणूक २०१७ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. ती राज्य निवडणूक आयोगाकडं असते, त्यांचे आदेश वेगळे निघतात, तेव्हा विधानसभेचे कागद उचलून तिथं वापरू नका. त्यावेळी एकानं विचारलं की आमच्या उमेदवार वहिनींचा आवाज बसलाय, जुन्या भाषणावरून एआयनं करून द्या, दहा सेकंदच पाहिजेत. वहिनींची स्वतःची लेखी संमती मागितली, त्यांनी दिली. मग सांगितलं की सुरुवातीला ‘हा आवाज कृत्रिम आहे’ आणि शेवटी ‘जाहिरात कोणाची’ असं दोन्ही नेहमीच्या वेगात येणार, म्हणजे चार-पाच सेकंद गेले. तो म्हणाला मग उरलं काय, मी म्हटलं पंधरा सेकंदांची घ्या. त्यानं दोन दिवस घेतले आणि शेवटी वहिनींनाच घेऊन आला, घसा बसलेला तसाच. ‘मी बोलतेय, घसा बसलाय, पण उभी आहे’ असं त्यांनी स्वतःच सुचवलं आणि पंधरा सेकंदांत सगळं आलं, खुलाशासकट.

आता राजकीय कामाच्या कोटेशनमध्ये मी आधीच लिहून देते: जाहिरात कोणी दिली ती ओळ जाहिरातीतच येईल, बाकीच्या आवाजाच्याच वेगात, तिला निदान तीन सेकंद, मागे संगीत पडतं घेऊन. एआय आवाज असेल तर त्याची ओळ वेगळी, सुरुवातीला, निदान दोन सेकंद. हे मान्य असेल तर तारीख घ्या. काही जण दुसरीकडं गेले. अर्जाचा भरलेला नमुना हवा असेल तर नाव-पत्ते झाकून देईन, मीडिया प्लॅन कसा जोडला तेही दाखवीन, पण तुमच्या निवडणुकीचे ताजे आदेश आधी वाचून या.